पहिला मिनी ट्रॅक्टर घेताना: आधी बागेतला पट्टा मोजा

ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेत, फूट चार-पाच पानांवर आली आहे आणि रात्री पाऊस पडून गेला. अशा सकाळी बाग लवकर फवारून झाली नाही, तर डाऊनी (केवडा रोग) कुठून शिरेल सांगता येत नाही. आणि नेमकी त्याच सकाळी गावातल्या प्रत्येकाला फवारणी करायची असते. भाड्याचा ट्रॅक्टर तुमच्याकडे यायला दुपार होते, कधी दुसरा दिवस उजाडतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या भागात बहुतेकांनी पहिला मिनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं ते अशाच एखाद्या सकाळी.

मीही तसाच घेतला. घाईत घेतला, आणि त्यात झालेल्या दोन-तीन चुका पुढची काही वर्षं पुरल्या. गेल्या काही हंगामांत ओळखीतल्या बऱ्याच जणांसोबत ट्रॅक्टर बघायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की सगळे एकाच क्रमानं जातात: आधी ट्रॅक्टर पसंत करतात, मग त्याला अवजार शोधतात, आणि शेवटी तो बागेत बसतो का ते बघतात. हा क्रम उलटा हवा. आधी बाग मोजायची, मग अवजारं ठरवायची आणि ती अवजारं जो नीट चालवेल तो ट्रॅक्टर घ्यायचा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत. उदाहरणं द्राक्ष आणि डाळिंबाची आहेत, पण ओळीतल्या कुठल्याही बागेला हिशोब हाच लागतो.

पहिली पायरी: खरंच घ्यायचा का?

मागच्या वर्षीची वही काढा. वही नसेल तर आठवून लिहा. ब्लोअरच्या, म्हणजे पंख्यानं औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राच्या, किती फेऱ्या झाल्या, रोटाव्हेटर किती तास चालला, शेणखत आणि माल किती वेळा ओढला. या तासांना तुमच्या गावातल्या भाड्याच्या दरानं गुणा. दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरचा वर्षाचा हप्ता, डिझेल, विमा, सर्व्हिसिंग आणि गडी लागणार असेल तर त्याची मजुरी मांडा.

नुसत्या पैशाच्या हिशोबात दोन-तीन एकराच्या बागेला स्वतःचा ट्रॅक्टर बहुतेक वेळा परवडत नाही. हे आधी मान्य करा, म्हणजे नंतर मनस्ताप होत नाही. पण द्राक्षात पावसाच्या दिवसांत एक दिवसाआड फवारणी घ्यावी लागते आणि एक फवारणी हुकली तर घड जातात. तो तोटा भाड्याच्या हिशोबात कुठेच येत नाही. म्हणून द्राक्षवाल्यानं कमी क्षेत्रावरही ट्रॅक्टर घेतला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. डाळिंब, सीताफळ, पेरू असेल, क्षेत्र कमी असेल आणि शेजारी भरवशाचा भाड्याचा ट्रॅक्टर असेल, तर आणखी एक-दोन हंगाम थांबा. दोन सख्ख्या किंवा चुलत भावांत मिळून घ्यायचा विचार असेल, तर पावसाच्या सकाळी आधी कोणाची बाग, हे ट्रॅक्टर घरी येण्याआधीच ठरवून घ्या.

दुसरी पायरी: बांबूची काठी घेऊन बागेत फिरा

हे काम कागदावर करू नका. द्राक्षाची लागवड ९ × ५ फूट असली, तरी ट्रॅक्टरला ९ फूट मिळत नाहीत. दोन्ही बाजूंचे बोद, म्हणजे वेलींखालचे मातीचे वरंबे, अडीच-तीन फूट रुंद असतात आणि त्यांचा अर्धा-अर्धा भाग या ओळीत येतो, म्हणजे सपाट पट्टा उरतो सहा-साडेसहा फुटांचा. वर वेलींना आधार देणाऱ्या वाय आकाराच्या सांगाड्याचे हात दोन्हीकडून आत आलेले असतात आणि त्यांच्यावरून फुटी लोंबतात. ८ फुटांच्या ओळीत तर एकेक इंच मोजून घ्यावा लागतो. डाळिंबात १४ × १० किंवा १५ × १० फुटांवर लागवड असते, पण तिथे फांद्या काट्यांसकट पट्ट्यात येतात आणि फळं लागल्यावर आणखी खाली वाकतात.

म्हणून बाग सगळ्यात भरलेली असेल तेव्हा मोजा. मनातल्या ट्रॅक्टरची जी सर्वांत जास्त रुंदी असेल, तेवढी बांबूची काठी कापा. रुंदी टायरची धरू नका. मडगार्ड, फूटरेस्ट, अवजार यांपैकी जे सगळ्यात बाहेर येतं ते धरा. मिनी ट्रॅक्टर साधारण तीन ते चार फूट रुंद असतात, आणि बाजारातल्या बऱ्याच मॉडेलांची मागची चाकं आत-बाहेर करता येतात. काठी आडवी धरून दोघं जण ओळीतून चाला, एकदा गुडघ्याच्या उंचीवर आणि एकदा छातीच्या उंचीवर. जिथे जिथे काठी फुटीला लागेल तिथे तुमचा माल घासला जाणार आहे.

मांडव असेल तर उंचीही मोजा. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं डोकं घडांखालून जायला हवं. सायलेन्सर बॉनेटवर उभा असेल तर त्याचा गरम धूर सरळ पानांवर आणि घडांवर येतो. बागेसाठीच्या मॉडेलांत सायलेन्सर खाली किंवा बाजूला वळवलेला मिळतो. तसाच मागा.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ओळीच्या टोकाला वळायची जागा. शेवटच्या खांबाचे ताण (ताणलेल्या तारा) बांधाकडे आलेले असतात, त्यामुळे बांधापर्यंत पंधरा फूट दिसत असले तरी वापरायला दहाच मिळतात. मागे ओढत न्यायचा मोठा ब्लोअर घेणार असाल तर ताणाच्या पुढे बारा ते पंधरा फूट मोकळे हवेत. तेवढी जागा नसेल तर उचलून न्यायचा, ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर तीन पॉइंटला बसणारा छोटा ब्लोअर घ्यावा लागेल. म्हणजे ट्रॅक्टर किती ताकदीचा आणि किती वजन उचलणारा हवा, हे बऱ्याचदा बांधावरच ठरतं.

तिसरी पायरी: अवजारं आधी ठरवा

नव्या माणसाला पहिल्या वर्षी तीनच अवजारं लागतात: ब्लोअर, मातीत काम करणारं एखादं अवजार आणि ट्रॉली. बाकीची भाड्यानं आणून बघा. वर्षभरात कुठलं परत परत आणावं लागतंय ते कळेल, तेच विकत घ्या.

ब्लोअरवर सगळ्यात जास्त विचार करा, कारण त्याच्यासाठीच ट्रॅक्टर घेताय. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ९ फुटांच्या ओळी असतील तर एकरात ४,८४० फूट, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर चालणं होतं. ताशी ४ किलोमीटरनं गेलात तर साधारण २२ मिनिटं, वळणं वेगळी. बाग पूर्ण पानांवर असताना एकरी ४०० लिटर पाणी धरलं, तर २०० लिटरच्या टाकीनं अर्धाच एकर होतो आणि दर अर्ध्या एकराला पाणी भरायला परत यावं लागतं. ६०० लिटरची टाकी दीड एकर काढते. चार एकर बागेला पहिल्या टाकीत आठ भरण्या आणि दुसऱ्या टाकीत तीन. एका भरणीला ये-जा धरून पंधरा मिनिटं लागतात असं समजा, म्हणजे सकाळचा सव्वा तास नुसता पाणी भरण्यात जातो की वाचतो, ते तुमच्याच लक्षात येईल.

पण ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो, वर यंत्राचं वजन. एवढं ओझं मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टवर टांगायचं नसतं, ते चाकांवरच ओढायचं. २० ते २५ एचपीच्या बऱ्याच मॉडेलांची उचलक्षमता ७५० किलो लिहिलेली असते. ती लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचं वजन त्याच्या मागे दोन-अडीच फुटांवर असतं, तिथे ती बरीच कमी होते. शिवाय उचललेलं वजन जास्त झालं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढाला स्टिअरिंग लागत नाही. आपला दोन-तीनशे लिटरचा उचलता ब्लोअर पूर्ण भरून ट्रॅक्टर चढावर सरळ चालला पाहिजे. नाहीतर पुढे वजनं लावायची सोय आहे का ते विचारा.

आता मातीचं काम. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. बागेत रोटाव्हेटर गरजेपेक्षा फार जास्त चालतो. जमीन भुसभुशीत दिसते, तण गायब होतं, डोळ्यांना बरं वाटतं. पण चार-पाच इंचांवर पाती दर वेळी त्याच थरावर घासतात आणि खाली घट्ट थर बसतो. बोदाजवळ गेलात तर पांढऱ्या मुळ्या तुटतात त्या वेगळ्याच. बागेसाठी मी पाच किंवा सात फणांचा मोगडा, म्हणजे कल्टिव्हेटर, पहिला घ्यायला सांगेन. रोटाव्हेटर वर्षातून एक-दोनदा, शेणखत मिसळताना किंवा तण हाताबाहेर गेल्यावर. तो भाड्यानंही मिळतो.

तरी घ्यायचाच असेल तर माप बघून घ्या. ढोबळ हिशोब असा: रोटाव्हेटरच्या दर फुटाला सहा-सात एचपी लागतात. १८ एचपीला ३ फुटी, २४ एचपीला साडेतीन ते ४ फुटी. आणि ४ फुटी म्हणजे माती कापायची रुंदी. बाजूची चेनपेटी आणि बॉडी धरून तो त्याहून बराच रुंद असतो.

माझी पहिली चूक हीच. ज्या दुकानातून ट्रॅक्टर घेतला त्यांनी ४ फुटी रोटाव्हेटर ‘फुकट’ दिला. माझा ट्रॅक्टर १८ एचपीचा. उन्हाळ्यात कडक काळ्या जमिनीत इंजिन गुदमरायचं, आणि चेनपेटीच्या कोपऱ्यात ठिबकची लॅटरल (नळी) अडकून एका ओळीत तीन ठिकाणी फाटली. त्या रोटाव्हेटरची किंमत ट्रॅक्टरच्या बिलातच धरली होती, हे नंतर दुसऱ्या दुकानातलं दरपत्रक बघितलं तेव्हा समजलं. म्हणून दुकानदाराला सांगा: ट्रॅक्टरचा दर वेगळा लिहा, अवजाराचा वेगळा, आणि अवजार नको असेल तर किती कमी होतील तेही लिहा.

ट्रॉलीबद्दल थोडक्यात. मिनी ट्रॅक्टरला दीड-दोन टनांच्या वरची ट्रॉली लावू नका. ओढण्याची ताकद असते, पण उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच ढकलते आणि हलक्या ट्रॅक्टरचे ब्रेक पुरत नाहीत. छाटणीच्या काड्यांची कुट्टी करणारं यंत्र चांगलं आहे, काडी बागेतच कुजते आणि जाळायची वेळ येत नाही, पण ते वर्षातून दोनदाच लागतं. गटानं मिळून घ्या.

चौथी पायरी: कोणता ट्रॅक्टर

बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. ब्लोअर आणि रोटाव्हेटर चालतात ते मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे पोचणारी ताकद कमी असते. किती कमी, हे मॉडेलवर आहे. २४ एचपी म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन ट्रॅक्टरांत एकाला पीटीओवर २२ एचपी मिळते, दुसऱ्याला १७-१८. त्यामुळे माहितीपत्रकात पीटीओ एचपी शोधा, आणि नुसत्या माहितीपत्रकावर थांबू नका. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, उचलक्षमता आणि डिझेलचा खप मोजून दिलेला असतो. दुकानदाराकडे तो अहवाल मागा.

मग गिअरचा तक्ता बघा. फवारणीला पीटीओ पूर्ण ५४० फेऱ्यांवर फिरायला हवा आणि ट्रॅक्टर मात्र ताशी अडीच ते चार किलोमीटरनंच चालायला हवा. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असताना या वेगाचे दोन-तीन गिअर मिळत असतील, तर हलक्या आणि दाट बागेत वेग बदलता येतो. एकच मिळत असेल तर तुम्ही कायम एकतर पळताय नाहीतर रांगताय. काही मॉडेलांत कमी इंजिन फेऱ्यांवर ५४० मिळायची सोय असते, हलक्या फवारणीला त्यानं डिझेल वाचतं.

टू-व्हील की फोर-व्हील? काळी जमीन आणि पावसात फवारणी असेल तर पैसे जास्त गेले तरी फोर-व्हील घ्या. पाऊस उघडल्या-उघडल्या बागेत शिरता येणं, हेच तर आपल्याला हवं आहे, आणि टू-व्हील तिथेच चाक फिरवत बसतो. मुरमाड, निचऱ्याच्या डाळिंबाच्या रानात टू-व्हील चालून जातो, स्वस्त पडतो आणि कमी जागेत वळतो.

१५ एचपीच्या आसपासचे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे असतात. आंतरमशागत, छोटा पंप, छोटी ट्रॉली यांना पुरतात. मोठ्या ब्लोअरला पुरत नाहीत. दोन-तीन सिलिंडरचे २० ते ३० एचपीचे ट्रॅक्टर कमी हादरतात. सलग तीन-चार तास फवारणी केल्यावर कंबरेला हा फरक कळतो. महिंद्रा, स्वराज, कुबोटा, सोनालिका, व्हीएसटी, कॅप्टन, जॉन डिअर, न्यू हॉलंड, सगळ्यांची या गटात मॉडेलं आहेत, आणि किंमती साधारण तीन-साडेतीन लाखांपासून सहा-साडेसहा लाखांपर्यंत जातात. कोणती कंपनी, या प्रश्नाचं माझं उत्तर एकच असतं: तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग आहेत ती. ज्याच्याकडे तुमच्याच मॉडेलचा ट्रॅक्टर दोन-तीन वर्षं आहे, अशा माणसाच्या बांधावर जाऊन विचारा, की क्लच प्लेट किंवा हायड्रॉलिकचं सील लागलं तेव्हा किती दिवसांत मिळालं.

अवजारं एकाच जागी बघायची असतील तर डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणारं किसान प्रदर्शन आणि जानेवारीत बारामतीला कृषी विज्ञान केंद्राचं कृषिक, या दोन ठिकाणी एक दिवस काढून जा. तिथे बुकिंग मात्र करू नका, फक्त मापं लिहून आणा.

पाचवी पायरी: डेमो आपल्याच रानात

दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर सगळे ट्रॅक्टर छान चालतात. डेमो तुमच्या सगळ्यात अवघड तुकड्यात घ्या, जिथे चढ आहे आणि वळण तंग आहे तिथे. ब्लोअर काठोकाठ भरा. औषध नको, साधं पाणी. चढाच्या मधोमध थांबवा, पीटीओ चालू ठेवूनच परत निघा. इंजिनाच्या फेऱ्या पडून पंख्याचा आवाज बसला तर ताकद अपुरी आहे. टोकाला वळताना किती वेळा मागे-पुढे घ्यावं लागतं ते मोजा. पाय वर न घेता क्लच पोचतो का, आणि घरात जो रोज चालवणार आहे त्यालाच बसवून बघा. आमच्याकडे मी आणि माझी पत्नी दोघंही चालवतो. तिला ब्रेकचं पेडल लांब पडत होतं म्हणून एक मॉडेल आम्ही तिथेच सोडून दिलं.

जुना ट्रॅक्टर घेत असाल तर भरल्या ब्लोअरचीच परीक्षा घ्या, त्यात पीटीओ क्लच घसरत असेल तर लगेच उघड होतं. वजन उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघा. लिफ्ट झपाट्यानं खाली आली तर हायड्रॉलिकचं काम निघणार. आरसी बुकावरचे इंजिन आणि चासी नंबर स्वतः पुसून जुळवा, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र बघा, आणि अनुदानावर घेतलेला असेल तर तो ठरावीक मुदतीआधी विकता येत नाही हे लक्षात ठेवा.

सहावी पायरी: पैसे, अनुदान, कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दरपत्रकात कर किती लावलाय ते वाचा.

अनुदानासाठी अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणात. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं, निवड झाल्यावर दरपत्रक आणि चाचणी अहवाल लागतो. ट्रॅक्टरला अल्प-अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी सव्वा लाखापर्यंत आणि इतरांसाठी एक लाखापर्यंत, असं प्रमाण बरीच वर्षं चालत आलं आहे. तुमच्या वर्षाचा आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) पक्का करून घ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांसाठी समाजकल्याणची वेगळी योजना आहे, तिच्यात मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनांना साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळत आलं आहे.

यात एक ओळ कधीही विसरू नका: पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करायचं नाही. माझ्या चुलतभावाला दुकानात सांगितलं गेलं, ‘घेऊन जा, पूर्वसंमती येईलच.’ बिलाची तारीख आधीची निघाली आणि प्रस्ताव परत आला. कष्टाच्या लाखभर रुपयांवर त्याला पाणी सोडावं लागलं. अनुदान खरेदीनंतर तपासणी होऊन खात्यावर येतं, त्यामुळे आधी सगळी रक्कम तुम्हालाच उभी करायची असते, हेही धरून चाला.

कर्जात व्याज ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, आहे की घटत्या शिलकीवर, हे लिहून घ्या. पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांत ८ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास १४ टक्के पडतात. हप्ते सहामाही मागा आणि मोठा हप्ता तुमच्या मालाचे पैसे येतात त्या महिन्यात ठेवा. द्राक्षवाल्यानं एप्रिल, डाळिंबवाल्यानं आपल्या बहाराप्रमाणे.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोघांचं पासिंग वेगवेगळं होतं. विम्यात ट्रॉली धरलीय का ते पॉलिसीवर वाचून घ्या.

सातवी पायरी: पहिले आठ दिवस

पीटीओ शाफ्ट नवीन असेल तर तो तुमच्या ट्रॅक्टर-अवजाराच्या मापाला कापून घ्यावा लागतो. हे काम दुकानात अंदाजानं करतात, तुम्ही समोर उभे राहा. अवजार पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा, आणि त्यात शाफ्ट सगळ्यात आखूड कधी होतो ते शोधा. त्या जागी आतली नळी तळाला टेकता कामा नये. टेकली तर उचलताना शाफ्ट ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीवर दाबतो आणि बेअरिंग फुटतं. सगळ्यात लांब असताना निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत राहिला पाहिजे, नाहीतर वळणावर तो निसटून फिरू लागतो. शाफ्टच्या जॉइंटला रोज कामाला जाण्याआधी ग्रीस द्या.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर अडचण वाटते म्हणून बरेच जण पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. कृपा करून काढू नका. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या होतात. उपरण्याचं टोक, ओढणी किंवा पदर गुंडाळला गेला तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. ब्लोअर भरताना, नोझल काढताना, काहीही करताना आधी पीटीओ बंद, मग खाली उतरायचं.

मडगार्डवर कोणालाही बसवू नका, स्वतःच्या मुलाला तर नाहीच. आणि विहिरीजवळून जाताना अंतर ठेवा, विशेषतः कठडा नसलेल्या. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मजूर बायांना शेतावर नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. तुमच्या बागेची वळणाची जागा विहिरीच्या बाजूला येत असेल, तर ट्रॅक्टर घरी यायच्या आधी तिथे दगडांचा बांध घाला.

पहिलं इंजिन ऑइल साधारण ५० तासांना बदलतात, नेमका तास पुस्तिकेत असतो. तेवढे तास इंजिनावर जड रोटाव्हेटर घालू नका. उन्हाळ्यातल्या धुळीच्या कामात रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी उघडून झटका, वाळलेली पानं तिथे चिकटून बसतात आणि इंजिन तापतं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारल्यावर ब्लोअर आणि ट्रॅक्टर त्याच दिवशी स्वच्छ पाण्यानं धुवा. मोरचूद लोखंड खातं, आणि नोझलही लवकर मोठी होतात.

औषधाची पहिली टाकी भरायच्या आधी एक दिवस नुसत्या पाण्याची फवारणी करा. टाकी खुणेपर्यंत भरा, ठरवलेल्या गिअरमध्ये आणि पीटीओ ५४० ला ठेवून बरोबर दहा ओळी फवारा, आणि परत खुणेपर्यंत किती लिटर लागले ते मोजून भरा. ओळीची लांबी माहीत आहे, त्यावरून एकरी किती पाणी पडतंय ते निघतं. ३०० फुटांच्या दहा ओळी, ९ फुटांचं अंतर, म्हणजे २७,००० चौरस फूट, एकराचे जवळपास ६२ टक्के. त्यात २५० लिटर गेले असतील तर एकरी ४०० पडतात. कमी-जास्त होत असेल तर आधी गिअर बदलून बघा, मग दाब, मग नोझल. माप जमलं की तो गिअर आणि मीटरच्या काट्याची ती जागा ऑइलपेंटनं रंगवून ठेवा. फुटी लांबल्यावर आणि बाग पूर्ण भरल्यावर हीच मोजणी परत करा, दुसऱ्या रंगाची खूण घाला. पाऊस पडून गेलेल्या सकाळी तुमच्याऐवजी मुलगा किंवा गडी ट्रॅक्टरवर असेल, तर त्याला ती खूण दाखवली की पुरतं.